पंखा, भात आणि शेवया

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे आले, मग आळस आला. धाकट्या जाऊबाईंनी तर "ब्लॉग बंद केलात की काय?" म्हणून फोनच केला. नाही हो, बंद नाही केला. लिहावंसं वाटेल असं काही हाताला लागत नव्हतं, ते गेल्या रविवारी लागलं. नात माळा आवरत होती. (सध्या ती पुण्याला माझ्याकडे राहून कॉलेज करते.) जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून तिला एक दोनशे पानी वही मिळाली. दोन पानं उलटली आणि तिथूनच ओरडली, "आजी, ही कुणाची गं? ही तर पक्की फॅन होती!"

त्या वहीबद्दल शेवटी सांगते. आधी शांघायची गोष्ट सांगायला हवी. ती घडली नसती तर ती वही मी रविवारीच रद्दीवाल्याला दिली असती.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त २०१३ पासून शांघायला असतात. २०१९ साली मार्च-एप्रिल असे दोन महिने मी तिथे राहून आले. समोरच्या दारात एक चिनी कुटुंब होतं, आई-वडील आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली एकुलती एक मुलगी. आमची नात तेव्हा १४ वर्षांची. ती सदानकदा त्या मुलीच्या मागेमागे. मुलगी गोड होती. मला 'नाइनाइ' म्हणायची, म्हणजे आजी. मला चिनी येत नाही, तिला मराठी येत नाही आणि इंग्रजी दोघींचंही बेताचंच. माझं बी. ए. मराठी माध्यमातलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे मध्ये दुभाषी म्हणून नात.

रोज रात्री आठ वाजले की दोघी खोलीत जाऊन बसायच्या. मला वाटायचं, बरं आहे, ताई अभ्यास घेतेय. एके दिवशी माझ्याच फोनवर टिंग टिंग सुरू झालं. तिथे गेल्यावर मुलाने मला तिथलं सिमकार्ड घेऊन दिलं होतं. बघते तर माझ्या नंबरावर 'वेइबो'चं खातं उघडलेलं! वेइबो म्हणजे त्यांच्याकडचं ट्विटरसारखं प्रकरण. आणि त्या खात्यावरून मी, म्हणजे निवृत्त शिक्षिका, कुणा कोरियन गायक पोराच्या फोटोंना गेले तीन आठवडे रोज रात्री आठ वाजता बदाम पाठवत होते!

नातीचा कान धरला तेव्हा सगळा उलगडा झाला. वेइबोवर त्या वेळी कलावंतांची एक लोकप्रियतेची यादी लागत असे. आपल्या आवडत्या ताऱ्याचं नाव वर राहावं म्हणून चाहते रोज त्याच्या नावाच्या कट्ट्यावर हजेरी लावायचे, पोस्टी टाकायचे, दुसऱ्यांच्या पुढे ढकलायचे. हजेरीला गुण, पोस्टीला गुण. एका खात्याला मर्यादा असते, म्हणून मग घरातल्यांच्या नंबरांवर जास्तीची 'छोटी खाती' उघडायची. तसं माझं छोटं खातं. जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेतली, उतारवयात अशी माझी लागत होती!

आधी रागावले, मग हसू आवरेना. मग म्हटलं, बसा दोघी इथे, मला नीट समजावून सांगा.

पहिली गंमत शब्दांची. आपल्याकडे फॅन म्हटलं की पंखा आणि त्यावरचे ते शिळे विनोद. चिनी भाषेत 'फान' म्हणजे भात, म्हणून चाहत्यांच्या सगळ्या जगाला ते म्हणतात 'फानछुआन', म्हणजे भाताचं वर्तुळ. एकेकट्या चाहत्याला म्हणतात 'फन्स'. तो शब्द आला इंग्रजीतल्या 'फॅन्स'वरून, पण लिहायचा तो मुगाच्या सत्त्वाच्या पारदर्शक शेवयांसाठी असलेल्या अक्षरांनी. आणि आयडॉलला काय म्हणावं? 'आय-तोउ'. अर्थ लावायचा तर प्रेमाचा पावटा! म्हणजे पावट्यावर प्रेम करणाऱ्या शेवया भाताच्या वर्तुळात राहतात. मी नातीला म्हटलं, अगं, ही भाषा आहे की फराळाचं ताट?

दुसरी गंमत आणखी जुनी. कोरियन मालिका-गाण्यांच्या लाटेला सगळं जग 'हाल्यू' म्हणतं, पण ते नाव कोरियातलं नव्हे, १९९९ च्या सुमारास चिनी वृत्तपत्रांनी पाडलेलं. चिनी उच्चार 'हानलियू'. लिहायची अक्षरं वेगळी, पण तोच उच्चार 'थंडीची लाट' या अर्थाच्या शब्दाचाही होतो. १९९७ मध्ये तिथल्या सरकारी दूरदर्शनवर एक कोरियन कौटुंबिक मालिका लागली आणि लोक खुळावले. २००० च्या फेब्रुवारीत 'एच. ओ. टी.' नावाच्या गटाचा बीजिंगला कार्यक्रम झाला आणि तरुण पोरं खुळावली. २००५ साली 'दे जांग गम' ही राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची मालिका हुनान वाहिनीवर लागली तेव्हा आया-मावशाही खुळावल्या. समोरच्या बाईंनीच सांगितलं, "ती मालिका असली की मी जेवणाची भांडी तशीच ठेवायचे." आणि याच बाई आता मुलीच्या वेडाबद्दल कपाळाला हात लावत होत्या!

त्या मुलीचं वेड सुरू झालं 'एक्सो'पासून. हा गट २०१२ मध्ये आला. १२ मुलं, सहांचा एक संघ कोरियासाठी, सहांचा एक चीनसाठी. चीनच्या संघात चौघं चिनी. तिथल्या मुलींना वाटलं, आपलेच शेजारचे दादा सोलला जाऊन मोठे झाले. त्यातला लुहान नावाचा मुलगा फुटबॉलवेडा. मँचेस्टर युनायटेडबद्दलच्या त्याच्या एका पोस्टीखाली चाहत्यांनी इतके अभिप्राय लिहिले की २०१४ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, १ कोटी ३१ लाखांच्या वर! मी विचारलं, "इतकं काय लिहिलं होतं त्यात?" मुलगी म्हणाली, "काही नाही नाइनाइ, नुसता आकडा वाढवायचा होता."

त्याच २०१४ साली चौघांपैकी दोघं कंपनीविरुद्ध कोर्टात जाऊन बाहेर पडले, पुढल्या वर्षी तिसरा. तेव्हा ही १४ वर्षांची होती. दोन दिवस जेवली नाही म्हणे. वडील म्हणाले, परक्या मुलासाठी रडतेस, आजोबा गेले तेव्हा इतकी रडली नव्हतीस. हे तिने मला जसंच्या तसं सांगितलं, पाच वर्षांनंतर. म्हणजे वाक्य कुठे बसलं असेल बघा.

पुढे तिचा जीव दुसऱ्या एका गटातल्या मुलावर जडला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. पण तोवर चाहत्यांचं मंडळ म्हणजे चांगलं दोनशे टेबलांचं ऑफिस झालं होतं. एक तुकडी पोस्टी टाकणारी. एक तुकडी निंदकांना हुडकून त्यांच्या तक्रारी करणारी. एक तुकडी बातम्यांखाली आपलेच गोड अभिप्राय वर राहतील असं बघणारी. एक कोरियनमधून भाषांतर करणारी. एक पैसे गोळा करणारी. विमानतळावर मोठाली भिंगं लावून फोटो काढणाऱ्या मुलींना 'स्टेशनताई' म्हणतात. आणि रोज आकडे वाढवणाऱ्यांना काय म्हणतात ठाऊक आहे? 'डेटा कामगारीण'. ते नाव त्या स्वतःच अभिमानाने लावतात.

मुलीने मला पलंगाखालची खोकी दाखवली. एकाच गाण्यांच्या चकतीच्या ४० प्रती! घरात चकती वाजवायचं यंत्रसुद्धा नाही. मी विचारलं, मग इतक्या कशाला? तर प्रत्येक पाकिटात ताऱ्याचं एक छोटं चित्र असतं, ते कुठलं निघेल सांगता येत नाही. शिवाय खरेदीच्या प्रमाणात सोडतीत नाव येतं, आणि सोडत लागली तर तारा समोर बसून सही देतो. आणि पहिल्या आठवड्याच्या विक्रीचा आकडा मोठा दिसायला हवा ना! २०१६ साली कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं, तेव्हापासून कोरियन गटांचे कार्यक्रम चीनमध्ये जवळजवळ थांबलेच. सरकारने तशी बंदी कधी कबूल केली नाही, पण कार्यक्रम होईनात. मग समोर बसून टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून खोक्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं काहीसं ते होतं.

आता माझ्यातली मास्तरीण गप्प बसेल? मी म्हटलं, "अगं बाळ, कंपनी पैसे मिळवते, वेइबो पैसे मिळवतं, तो मुलगा पैसे मिळवतो. रात्री बारापर्यंत डोळे फोडून तुला काय मिळतं?"

मला वाटलं, गप्प बसेल. नाही बसली. ती म्हणाली (नातीने सावकाश सांगितलं, मध्येच अडखळली), "नाइनाइ, तीन वर्षं मी गाओकाओची तयारी केली." गाओकाओ म्हणजे त्यांची कॉलेजप्रवेशाची परीक्षा, आपल्या बारावीच्या चौपट धसक्याची. "सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. कितीही केलं तरी कोणी म्हणायचं नाही की पुरे झालं. पहिल्या दहात आले तर आई म्हणायची, पाचात का नाही? मंडळात मात्र मी दोन तास काम केलं की आकडा वर चढताना दिसायचा. आणि झोपायच्या आधी सगळ्याजणी एकमेकींना म्हणायच्या, शिनखू ल."

'शिनखू ल' म्हणजे काय, तर "खूप कष्ट घेतलेस हं." आपण दमून आलेल्या माणसाला पाणी देताना म्हणतो ना, "दमलास रे", तसं.

मी ३४ वर्षं शिकवलं. "अजून मेहनत घे" हे हजारो प्रगतिपुस्तकांवर लिहिलं असेन. "दमलीस गं" असं किती मुलींना म्हटलं? आठवून बघितलं. आठवेना.

असो. मी परत आले. पुढच्या वर्षी करोना आला. २०२० च्या जानेवारीत वुहानमध्ये मास्कसुद्धा मिळेनासे झाले तेव्हा चाहत्यांच्या मंडळांनी पैसे गोळा करून, माल शोधून, ट्रक ठरवून इस्पितळांना सामान पोचवलं. आकडे वाढवायला शिकलेल्या पोरींनाच याद्या, हिशेब आणि वाहतूक येत होती. नातीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला त्या 'ऑफिसा'बद्दल थोडा आदर वाटला.

पण सगळंच काही असं गोड नव्हतं, तेही सांगायला हवं. याच मंडळांतल्या मुली दुसऱ्या ताऱ्याच्या चाहत्यांना नाही नाही ते बोलत, खोट्या तक्रारी करून त्यांची खाती बंद पाडत. २०१० साली शांघायच्या जागतिक प्रदर्शनात 'सुपर ज्युनिअर'च्या कार्यक्रमाच्या पासांसाठी चेंगराचेंगरी झाली, तेव्हा देशभरचे नेटकरी 'धर्मयुद्ध' पुकारून या पोरींवर तुटून पडले आणि त्यांना 'बुद्धी गेलेल्या' म्हणू लागले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'बी. टी. एस.'च्या एका मुलाने कोरियन युद्धातल्या कोरिया-अमेरिकेच्या दुःखाचा उल्लेख केला, चीनच्या सैनिकांचा केला नाही, तर तिकडे आगडोंब उसळला. 'देशापुढे आयडॉल नाही' ही घोषणा तिथे आधीपासून होतीच. रोज पाच तास कष्ट करणाऱ्या मुलीला एका रात्रीत सिद्ध करावं लागलं की ती देशद्रोही नाही.

आणि मग आलं २०२१. एप्रिलमध्ये बी. टी. एस.च्या जिमिनच्या चिनी चाहत्यांच्या 'बार'ने (हा बार म्हणजे इंटरनेटवरचा कट्टा, घाबरू नका) वाढदिवसासाठी वर्गणी सुरू केली. पहिल्या तीन मिनिटांत १० लाख युआन, तासाभरात २३ लाख! त्यातून एका कोरियन विमानावर बाहेरून त्याचे फोटो रंगवले. मे महिन्यात त्याहून वाईट घडलं. कोरियाच्या 'प्रोड्यूस १०१'च्या साच्यातली 'यूथ विथ यू' नावाची स्पर्धा चीनमध्ये चालू होती. दुधाच्या बाटलीच्या टोपणात मतदानाचा शिक्का, तो मोबाइलने टिपला की मत. चाहत्यांनी खोकीच्या खोकी विकत घेतली, टोपणं काढायला माणसं लावली आणि दूध गटारात ओतून दिलं. त्याचा व्हिडिओ पसरला आणि स्पर्धेचा शेवटचा भाग झालाच नाही. मी ऐकलं तेव्हा पोटात कालवलं. आमच्या घरी दूध उतू गेलं तरी आई हळहळायची.

मग सरकारने कंबर कसली. ऑगस्टमध्ये वेइबोची ती यादी गेली. महिनाअखेरीस दहा कलमी फतवा निघाला. ताऱ्यांच्या क्रमवाऱ्या बंद, अल्पवयीन मुलांनी पैसे खर्च करणं बंद, बेकायदा वर्गण्या बंद. २ सप्टेंबरला आणखी एक हुकूम आला. आयडॉल घडवण्याच्या स्पर्धा बंद, आणि बायकी दिसणारे पुरुष वाहिन्यांवर नकोत. (हे वाचून मला बालगंधर्वच आठवले. आणि त्यांच्याकडे मेई लानफांग होते, पेकिंग ऑपेरात स्त्रीभूमिका करून देशाचा मानबिंदू झालेले. आजोबा-पणजोबांचं प्रेम चाललं, नातींचं चालत नाही!) ५ सप्टेंबरला त्या जिमिन बारचं वेइबो खातं ६० दिवस गोठवलं, पाठोपाठ आणखी २१ कोरियन ताऱ्यांच्या चाहत्यांची खाती ३० दिवस.

त्या २१ मध्ये समोरच्या मुलीच्या मंडळाचं खातं होतं. नात सांगत होती, ती रडली नाही. खोलीत बसून मंडळाच्या हिशेबाची वही पूर्ण केली, ज्यांचे पैसे परत द्यायचे त्यांना परत केले आणि झोपली. आई म्हणाली, "बरं झालं, आता तरी डोळे उघडतील."

मंडळी, मी नुसती टीका करत नाही. १२-१४ वर्षांच्या पोरांकडून खाऊचे पैसे उकळणं थांबवलं, दूध ओतणं थांबवलं, हे योग्यच झालं. मी तिथे अधिकारी असते तर मीही यादी बंदच केली असती. पण खोडरबराने पुसलं की कागद कोरा होतो, मुलगी कोरी होत नाही. कंपनीने तिचं प्रेम आकड्यांत मोजलं आणि विकलं. सरकारने त्याच आकड्यांकडे बघून ते शिस्तभंगात काढलं. आईने परीक्षेतल्या क्रमांकाशी ताडून ते वाया गेलेला वेळ ठरवलं. "तुला यात काय मिळतं?" हे त्या तिघांपैकी कोणीच विचारलं नाही. मीही विचारलं ते तिला निरुत्तर करण्यासाठीच. उत्तर मिळालं हे माझं नशीब.

आता ती वही.

साल १९९०. 'मैंने प्यार किया' नुकताच येऊन गेला होता. मी तालुक्याच्या गावी नववीच्या वर्गावर होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीकडे ही वही सापडली. पानापानावर सलमान खान आणि भाग्यश्रीचे फोटो, पेपरातून, कॅलेंडरातून कापून खळीने चिकटवलेले. मी वही काढून घेतली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तिच्यातलं एक पान भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग खो खो हसला. मलाही तेव्हा वाटलं होतं, चांगली अद्दल घडली. "वर्ष संपलं की परत देईन," म्हणाले. तिने मागितली नाही, मी दिली नाही. त्या दिवसानंतर वर्गात तिने हात वर केल्याचं मला आठवत नाही.

रविवारी नात ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसली होती. फोटोंच्या खाली त्या मुलीने फूटपट्टीने तक्ते आखले आहेत. जिल्ह्यातल्या कुठल्या थिएटरात सिनेमा कधी लागला, किती आठवडे चालला, कुठे उतरला. कुठली बातमी कुठल्या पेपरातून, तारखेसकट. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. नात म्हणाली, "आजी, ही डेटा ठेवत होती!"

आणि मी तिला त्या वर्षी 'टापटीप' या रकान्यात 'साधारण' असा शेरा दिला होता. तो शेरा मला अजून आठवतो, कारण तो मी रागाने दिला होता.

शांघायची मुलगी आता एका माल वाहतुकीच्या कंपनीत नोकरी करते. खोकी अजून पलंगाखालीच आहेत, आईने टाकायला काढली होती, तिने टाकू दिली नाहीत. मागच्या महिन्यात तिने नातीला मेल पाठवली, त्यात माझ्यासाठीही एक ओळ होती. नाइनाइचं छोटं खातं अजून तिच्या लक्षात आहे म्हणे. मी नातीकडून उलट दोनच शब्द लिहून घेतले. शिनखू ल. पाच-सहा वर्षं उशिरा का होईना.

दुसऱ्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. ती आता पन्नाशीची असेल. त्या वर्षीच्या नववीतलं कोणी हे वाचत असेल, आणि मला माहीत आहे की दोघं-तिघं वाचतात, तर कृपा करून मला मेल करा. इथे खाली तिचं नाव लिहू नका, एकदा भर वर्गात झालं तेवढं पुरे. वही मी नीट पुसून, नवं कव्हर घालून ठेवली आहे. तिला ती नको असेल तरी हरकत नाही. पण मागितल्याशिवाय परत द्यायची राहिली आहे, ती द्यायची आहे.